कळीचा चुना भिजवला तर अभिक्रिया संयोग की उष्मादायी? (दहावी, पण मोठ्यांनीही यावं)

माजघर (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. लेक यंदा दहावीला आहे. रासायनिक अभिक्रियांचा धडा संपला आणि परवा वर्गात चाचणी झाली. प्रश्न होता, 'कळीच्या चुन्यावर पाणी टाकले, अभिक्रियेचा प्रकार ओळखा.' तिने 'संयोग' लिहिलं. गुण गेला, कारण 'उष्मादायी' हे उत्तर अपेक्षित होतं. चिडूनच घरी आली. "आई, दोन घटकांचा एकच पदार्थ झाला म्हणजे संयोगच ना? मग माझं चूक कसं?"

मी कॉमर्सची. दहावीनंतर रसायनाशी संबंध फक्त स्वयंपाकघरातला. पुस्तक उघडलं तर प्रकारच प्रकार: संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन. पुढे उष्मादायी-उष्माग्राही. त्यापुढे ऑक्सिडीकरण, क्षपण, रेडॉक्स. हे नक्की किती प्रकार आहेत, आणि एक अभिक्रिया एकाच प्रकारात बसते का? तुमच्या घरातली, कामातली उदाहरणं द्या. धड्यापेक्षा तीच तिच्या लक्षात राहतील.

फळा_खडू
ताई, लेकीचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. बाईंचंही बरोबर आहे. प्रश्न अर्धवट विचारला गेलाय.

मी बरीच वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. पहिले चार प्रकार अणूंची मांडणी कशी बदलली ते सांगतात. दोनाचं एक झालं तर संयोग. एकाची दोन किंवा जास्त झाली तर अपघटन. एका मूलद्रव्याने संयुगातल्या दुसऱ्याला हुसकावलं तर विस्थापन. दोन संयुगांनी आपापले आयन (विद्युतभार असलेले कण) बदलून घेतले तर दुहेरी विस्थापन. उष्मादायी-उष्माग्राही हा प्रश्नच निराळा: उष्णता बाहेर पडली की आत घेतली गेली? रेडॉक्स हा तिसरा प्रश्न: इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे गेले का?

एखाद्या माणसाला 'गाव कोणतं' विचारलं आणि त्याने 'सातारा' सांगितलं, तर 'सुतार' का नाही सांगितलं म्हणून गुण कापायचे नाहीत.

दुहेरी विस्थापन मी मुलींना फुगडी घालायला लावून शिकवायचो. दोन जोड्या, मध्येच जोडीदार बदलायचे. वर्ग खूश, आणि जन्मात विसरत नाहीत.

आयन_मंडल
सर, फुगडी छान आहे, पण तिच्यात एक गोष्ट सुटते. मिठाचं पाणी आणि पोटॅशिअम नायट्रेटचं पाणी एकत्र करा. आयन चारही प्रकारचे आहेत, सगळे पाण्यात मोकळे फिरतायत, आणि घडत काहीच नाही. जोडी बदलण्यासाठी काहीतरी पाण्यातून बाहेर पडावं लागतं: साका (न विरघळणारा गाळ) खाली बसला पाहिजे, वायू सुटला पाहिजे किंवा आम्ल-अल्कलीचं पाणी झालं पाहिजे. बेरिअम क्लोराईडमध्ये सोडिअम सल्फेट टाकलं की पांढराशुभ्र साका बसतो, कारण बेरिअम सल्फेट पाण्यात विरघळतच नाही. मुलांना हे 'का' सांगितलं नाही, तर ती कागदावर कुठल्याही दोन क्षारांच्या जोड्या बदलून मोकळी होतात.

फळा_खडू
मान्य. पुढच्या वेळी एका जोडीला फुगडी सोडून खाली बसायला सांगतो. साका!

भिंतीला_कान
वाचतोय.

द्राक्षबाग
ताई, तुमच्या लेकीला आमच्या बागेत घेऊन या. एका बॅरलमध्ये अख्खा धडा दाखवतो.

ऑक्टोबर छाटणीनंतर वेलींवर डाऊनी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून आम्ही बोर्डो मारतो. एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १ किलो चुना. मोरचूद प्लॅस्टिकच्या बॅरलमध्ये निम्म्या पाण्यात रात्रीच भिजत घालायचा. चुना दुसरीकडे भिजवायचा. चांगला कळीचा चुना असेल तर पाणी पडताच चर्र करतो, ढेकळं फुटतात, वाफ येते, बादलीला हात लावू देत नाही. हा तुमचा पेपरातला प्रश्न. पूर्ण गार झाल्यावर गाळायचा आणि दोन्ही एकत्र करायचे. गर्द निळं पाणी आणि पांढरं दूध मिळून आकाशी रंगाचा गढूळ साका तयार होतो. ते दुहेरी विस्थापन.

आता खरी गंमत. चुना कमी पडला तर मोरचूद मोकळा राहतो आणि कोवळी पानं करपतात. तो मोकळा आहे की नाही हे कसं ओळखायचं? घासून लखलखीत केलेला विळा त्या पाण्यात थोडा वेळ बुडवून धरायचा. पात्यावर तांबूस थर आला की समजायचं, चुना अजून हवा. थोडी थोडी निवळी घालत जायचं आणि पुन्हा विळा बुडवायचा. पातं स्वच्छ निघालं की पंप भरायचा.

माझे आजोबा चौथी शिकलेले. त्यांना विस्थापन हा शब्द माहीत नव्हता, पण विळ्यावरचा तांब्याचा लाल रंग बघून ते औषध पास-नापास करायचे.

आयन_मंडल
@द्राक्षबाग, हा प्रतिसाद छापून प्रयोगशाळेत लावण्यासारखा आहे. विळ्यातलं लोखंड मोरचुदातल्या तांब्याला बाहेर काढतं आणि स्वतः विरघळतं. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून हे एकाच दिशेने होतं. तांब्याची तार हिराकसाच्या (आयर्न सल्फेटच्या) पाण्यात टाकून दिवसभर बसलात तरी लोखंड निघणार नाही.

अशी कोण-कोणाला-हुसकावतं याची कोष्टकं फार जुनी आहेत. जोफ्रवा या फ्रेंच रसायनज्ञाने १७१८ साली पॅरिसच्या अकादमीपुढे असं एक कोष्टक मांडलं होतं. तेव्हा अणू-इलेक्ट्रॉनांचा पत्ता नव्हता, नुसतं निरीक्षण होतं. तुमच्या आजोबांचीच रीत.

आणि बोर्डो हे नावसुद्धा फ्रान्समधल्या बोर्दोचं. तिथल्या विद्यापीठातल्या मिलार्दे यांनी १८८५ मध्ये हे मिश्रण याच केवड्यावर म्हणजे तुमच्या डाऊनीवर प्रसिद्ध केलं. वाटसरूंनी रस्त्याकडेची द्राक्षं तोडू नयेत म्हणून तिथले बागाईतदार वेलींवर मोरचूद-चुना मारायचे, आणि नेमक्या त्याच वेली रोगातून वाचलेल्या त्यांना दिसल्या.

सुपारी_रायगड
आम्हीही पावसाळ्याआधी सुपारीवर कोळेरोगासाठी हेच बोर्डो मारतो. लोखंडी बॅरल वापरू नये, हे आम्हाला एक बॅरल गमावून कळलं. मोरचूद रात्रभर त्यात राहिला. सकाळी आतून तांबूस चिखल आणि पाणी फिकं. म्हणजे बॅरलने विस्थापन केलं आणि फवारणीसाठी तांबं राहिलंच नाही, बरोबर?

आयन_मंडल
अगदी बरोबर. तुमचं तांबं बॅरलला चिकटलं आणि बॅरलचं लोखंड पाण्यात गेलं. ५६ ग्रॅम लोखंड विरघळलं की साडेत्रेसष्ट ग्रॅम तांबं बाहेर येतं, हा हिशोबही लेकीला करायला द्या.

सरळसोट
थोडं वेगळं मत मांडतो. दहावीच्या मुलांना बोर्डो, जोफ्रवा वगैरे सांगून गोंधळात टाकू नका. बोर्डात जे विचारतात ते चार प्रकार, त्यांची दोन-दोन समीकरणं, संतुलित करायला शिकवा. गुण तिथे आहेत. माझ्या मुलाने हेच केलं आणि उत्तम गुण मिळवले. बाकीचं अकरावीत बघू.

माजघर
@सरळसोट, तुमचा मुद्दा समजतो, मीही आधी हेच म्हटलं असतं. पण लेकीने पाठच केलं होतं, आणि पाठ करूनच तिचा गुण गेला. तिला 'का' हवंय. आणि विळ्याची गोष्ट वाचून दाखवल्यापासून ती मोरचूद आणायच्या मागे लागली आहे. :)

रूळकरी
विस्थापनावरून माझं रोजचं काम सांगतो. मी रेल्वेत रुळांच्या देखभालीत आहे. दोन रुळांची टोकं जोडतात ती थर्मिट वेल्डिंगने. टोकांमध्ये बोटभर फट ठेवतात, भोवती साचा बसवतात, रूळ लाल होईपर्यंत तापवतात. वर मुशीत आयर्न ऑक्साईड आणि ॲल्युमिनिअमची भुकटी, वजनाने ढोबळ तीनास एक. पेटवलं की काही सेकंदांत मुशीतून डोळे दिपवणारा उजेड येतो, काळ्या चष्म्याशिवाय बघायचं नाही. ॲल्युमिनिअम लोखंडाचा ऑक्सिजन काढून घेतं. उष्णता इतकी, की सुटं झालेलं लोखंड वितळलेलंच असतं (आणि लोखंड वितळायला १५०० अंशांच्या वर जावं लागतं). ते साच्यात उतरतं. ॲल्युमिनिअम ऑक्साईड हलकं, ते मळीसारखं वर तरंगतं. मग वरचा उंचवटा छाटायचा, घासायचा, आणि गार झाल्यावर जोड तपासायचा. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनज्ञाने १८९५ मध्ये याचं पेटंट घेतलं.

फळा_खडू सरांच्या तीन प्रश्नांप्रमाणे: मांडणी बघितली तर विस्थापन, उष्णता बघितली तर उष्मादायी, इलेक्ट्रॉन बघितले तर रेडॉक्स. तिन्ही एकाच मुशीत. पावसाळ्यात काम करताना एकच भीती, पाण्याचा थेंब. मूस किंवा साचा ओला राहिला तर तापलेल्या धातूमुळे पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि धातू उडतो. म्हणून आमचे मुकादम मूस कोरडी आहे का हे स्वतः हात घालून बघायचे, दुसऱ्यावर सोडायचे नाहीत.

भिंतीला_कान
वाखूसा (वाचनखूण साठवली)! सलाम तुमच्या गँगला.

नवसागर
माझं आयडी बघून कळलंच असेल. वडील कल्हई करायचे, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा मुलामा द्यायचे. भाता मारणं हे माझं काम होतं.

पातेलं कोळशावर तापवायचं, आत नवसागराची (अमोनिअम क्लोराईडची) पूड टाकायची आणि कापसाच्या बोळ्याने सगळीकडे फिरवायची. भसकन पांढरा धूर निघतो, नाकात झोंबतो, डोळ्यांतून पाणी येतं. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे लगेच पाझरतं, आणि त्याच बोळ्याने ते आत पसरवायचं. काळंकुट्ट पातेलं हाताखाली चांदीसारखं होत जातं. लगेच पाण्यात बुडवायचं, चुर्रर्र.

तो धूर काय हे मला बारावीत कळलं. तापलं की नवसागराचं अपघटन होऊन अमोनिआ आणि हायड्रोजन क्लोराईड असे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराईड तांब्यावरची काळी ऑक्साईडची पुटं खातो आणि कथील चिकटायला स्वच्छ तांबं मिळतं. उरलेले दोन वायू वर थंड हवेत गेले की पुन्हा जुळतात आणि परत नवसागराचे बारीक कण होतात. आम्हाला दिसायचा तो धूर हाच. म्हणजे खाली अपघटन आणि वीतभर वर संयोग. वडील म्हणायचे, "धूर पांढरा निघाला की भांडं घेतंय." त्यांचा कान आणि डोळा दोन्ही भांड्यावर असायचे.

फळा_खडू
@नवसागर, तीस वर्षं मी परीक्षानळीत अमोनिअम क्लोराईड तापवून दाखवलं आणि एकदाही कल्हईचं नाव घेतलं नाही, याची हळहळ वाटते. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी पितळेची पातेली होती.

अंधारखोली
अपघटनाला नेहमी तापवावंच लागतं असं नाही. पाण्याचं अपघटन विजेने होतं, आणि आमच्या धंद्यात ते उजेडाने व्हायचं. फिल्मवर, फोटोच्या कागदावर सिल्व्हर ब्रोमाईडचे कण असायचे. उजेड लागला की चांदी सुटी व्हायला लागते. जिथे उजेड पडला तिथे चांदीचे इतके थोडे अणू बनतात की डोळ्यांना काही दिसत नाही. डेव्हलपरमध्ये तेच कण पूर्ण काळ्या चांदीत बदलतात. लाल दिव्याखाली पांढरा कागद ट्रेमध्ये हलवत राहायचं, आणि आधी भुवया, मग डोळे, मग सगळा चेहरा वर येतो. चाळीस वर्षं केलं तरी दर वेळी श्वास रोखलेला असायचा. डेव्हलपरमधली पायरी म्हणजे क्षपण. मग हायपो, उरलेलं सिल्व्हर ब्रोमाईड धुऊन काढायला. हायपो नीट झालं नाही तर फोटो पुढे काळवंडतो.

चहा_दोनदा
अवांतर: क्षपण हा शब्द कधीच लक्षात राहत नाही. आमची सेमीची मुलं सरळ रिडक्शन म्हणतात.

आयन_मंडल
क्षपण म्हणजे घटवणं. खनिजातला ऑक्सिजन गेला की वजन घटतं आणि धातू उरतो. तेवढं लक्षात ठेवा, शब्द आपोआप राहील. @रूळकरी यांच्या मुशीत आयर्न ऑक्साईडचं क्षपण होतं आणि ॲल्युमिनिअमचं ऑक्सिडीकरण. एकट्याने कोणतंच होत नाही, म्हणून जोडनाव रेडॉक्स.

आणखी एक खूण. एकेरी विस्थापन नेहमीच रेडॉक्स असतं. दुहेरी विस्थापन रेडॉक्स नसतं. संयोग आणि अपघटन कधी असतात, कधी नसतात. मॅग्नेशिअमची फीत जळते तो संयोगही आहे आणि रेडॉक्सही. कळीचा चुना पाण्यात भिजतो तो नुसता संयोग, रेडॉक्स नाही.

माजघर
थांबा, हे मी वहीत उतरवून घेते.

तिसरा_मजला
एक कळकळीची सूचना, कारण धागा वाचून मुलं घरात प्रयोग करतील. आमच्या इमारतीत टाकीजवळचं बाथरूम धुताना कामगाराने फरशीवर ब्लीचिंग पावडर टाकली आणि वर संडास साफ करायचं ॲसिड ओतलं. दोन्हीने जास्त स्वच्छ होईल, या चांगल्या हेतूने. पिवळसर-हिरवट वायू सुटला. तो क्लोरिन होता. बिचारा खोकत खोकत बाहेर आला आणि दोन दिवस दवाखान्यात राहिला. बाटल्यांवरचा इशारा त्याला वाचता येत नव्हता आणि आमच्यापैकी कुणी त्याला कधी सांगितलं नव्हतं. आता दोन्ही वस्तू वेगळ्या कपाटांत ठेवतो आणि नवीन माणसाला पहिल्या दिवशीच सांगतो. कृपया तुमच्याकडेही सांगा.

फळा_खडू
+१०१. लेकीलाही हे पहिलं सांगा. वरवर बघता दोन संयुगं भेटली म्हणून दुहेरी विस्थापन वाटेल, पण ब्लीचमधला आणि ॲसिडमधला क्लोरिन मिळून मोकळा क्लोरिन वायू होतो, म्हणजे हे रेडॉक्स आहे. नुसत्या जोड्या बदलून लिहिलं तर विषारी वायू समीकरणात येणारच नाही.

ढोकळा_प्रेमी
स्वयंपाकघरातलं राहिलंच की. खायचा सोडा नुसता तापला तर अपघटन: धुण्याचा सोडा, पाणी आणि कार्बन डायऑक्साईड. म्हणूनच सोडा जास्त झालेल्या भज्यांना ती साबणासारखी चव येते. पण लिंबू पिळलं तर आम्लाशी अभिक्रिया होऊन फस्सकन वायू सुटतो. ढोकळ्याच्या पिठात सोडा घालून लगेच कुकरमध्ये ठेवायचं ते यासाठी. पीठ ताटकळलं की वायू निसटतो आणि ढोकळा बसतो.

सरळसोट
बरं, मग गॅसची शेगडी कुठे बसवाल? ब्युटेन आणि ऑक्सिजन, दोन पदार्थ, तयार होतात कार्बन डायऑक्साईड आणि पाणी, तेही दोन. संयोग नाही, अपघटन नाही, विस्थापन नाही. चार प्रकार पुरेसे आहेत असं मीच वर म्हटलं होतं, पण काल रात्री हे डोक्यात आलं आणि आता सुचत नाहीये.

आयन_मंडल
ती ज्वलन अभिक्रिया. रेडॉक्स आहे, उष्मादायी आहे, आणि चौघांपैकी कुठेही बसत नाही. चार प्रकार ही सोयीची वाटणी आहे, सगळ्या अभिक्रिया तिच्यात मावत नाहीत. तुम्ही परत येऊन विचारलंत हे फार आवडलं.

चुनाघाणी
उशिरा आलो. मूळ प्रश्न चुन्याचा होता, तर चुन्यावर बोलतो. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो, सिमेंट न वापरता.

१०० किलो शुद्ध चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंशांना भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साईड उडून जातो आणि ५६ किलो कळी उरते. अपघटन, आणि उष्माग्राही: कोळसा संपला की काम थांबतं. किनाऱ्यावर चुनखडीऐवजी शिंपले भाजायचे, रसायन तेच. या ५६ किलोत १८ किलो पाणी मुरतं आणि ७४ किलो विरलेला चुना होतो. हा तुमच्या लेकीचा संयोग. भट्टीत घातलेल्या उष्णतेतला काही भाग आता परत मिळतो, म्हणून बादली उकळते. वाफेत जाईल म्हणून प्रत्यक्षात पाणी पुष्कळ जास्त घालावं लागतं. मग तो चुना आम्ही पाण्याखाली महिनोन्‌महिने मुरवतो, घाणीत (चुना मळायच्या चक्कीत) वाळूबरोबर मळतो आणि भिंतीला लावतो. तिथे तो हवेतला कार्बन डायऑक्साईड हळूहळू घेतो, १८ किलो पाणी सोडतो आणि परत १०० किलो चुनखडी होतो. भट्टीत गेलेला दगड भिंतीवर परत आला.

घाई करून चुना पूर्ण भिजला नाही, तर न भिजलेले खडे गिलाव्यात जातात आणि काही महिन्यांनी ओल खाऊन तिथल्या तिथे फुगतात. भिंतीवर फोड उठतात. प्रत्येक फोड म्हणजे उशिरा झालेला संयोग. तेव्हा लेकीला सांगा, तिने लिहिलेला शब्द भिंत टिकवण्याइतका महत्त्वाचा आहे.

द्राक्षबाग
@चुनाघाणी, वा! मग भिंतीवरची शेवटची अभिक्रिया चौघांपैकी कशात?

चुनाघाणी
कशातच सरळ बसत नाही. रेडॉक्सही नाही. अल्कली आणि आम्लधर्मी वायू भेटले, म्हणून उदासिनीकरणाच्या घरात ठेवा. वर्गात चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, ती हीच.

माजघर
सगळ्यांचे मनापासून आभार. धाग्याचा वृत्तांत देते.

रविवारी शेतीच्या दुकानातून पाव किलो मोरचूद आणला. काचेच्या ग्लासात चमचाभर विरघळवला, साधा लोखंडी खिळा पॉलिश पेपरने घासून दोऱ्याने सोडला. पाचव्या मिनिटाला खिळा तपकिरी दिसू लागला, अर्ध्या तासात बुडालेला भाग पूर्ण तांबूस. सोमवारी सकाळी पाण्याचा निळा रंग फिकट हिरवट झाला होता. लेकीने वहीत तीन रकाने आखलेत: मांडणी, उष्णता, इलेक्ट्रॉन. चुना, बोर्डो, विळा, थर्मिट, नवसागर, फोटो, गॅस, भिंत अशा आठ ओळी. गॅस आणि भिंतीपुढे पहिल्या रकान्यात तिने फुली मारून 'चौघांबाहेर' लिहिलंय.

वही आणि कागदात गुंडाळलेला खिळा घेऊन ती बाईंकडे गेली. बाईंनी सगळं वाचलं, गुण दिला, आणि शुक्रवारी खिळा पूर्ण वर्गाला दाखवायला सांगितलाय. नवसागर दादा, कल्हईवाले आमच्याकडे आता येत नाहीत. तुमच्या भागात कुणी करत असेल तर कळवा, आईचं पितळेचं पातेलं आहे, लेकीला तो धूर बघायचाय.

नवसागर
ताई, मी करून देतो. भाता अजून आहे. पातेलं आणा, फक्त वारा जिकडून येतो त्या बाजूला तिला उभं करा. आणि उरलेला मोरचूद डब्यावर नाव लिहून वर ठेवा, तो विषारी आहे. तो ग्लास पुन्हा पाणी प्यायला वापरू नका.

माजघर
नाव लिहून माळ्यावर ठेवला. ग्लास लेकीने प्रयोगाचा म्हणून वेगळा काढलाय. येतो आम्ही.